लाल मातीवर मुलांनी कसं खेळावं: ढकलत की ठोकत?

म्युनिकचा_मन्या | सोमवार, २६ मे २०२५

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हा एक बापुडवाणा टेनिसचा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

लेक ११ वर्षांची, वर्गात उंचीने शेवटून तिसरी. पुण्यात सातव्या वर्षापासून खेळायची, सगळं हार्ड कोर्टवर. दोन वर्षांपूर्वी नोकरीमुळे आम्ही इकडे म्युनिकला आलो. इथे क्लबात झाडून सगळी मातीची कोर्टं. हे लोक त्याला वाळूचं कोर्ट म्हणतात, प्रत्यक्षात असतो विटांचा चुरा. हिवाळ्यात कोर्टं बंद, पोरं हॉलमध्ये कार्पेटवर. मग वसंतात सभासदांनीच यायचं, जुना थर खरवडायचा, नवा चुरा पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. यंदा मी सहा तास हातगाडी ओढली. ऑफिसात दोन दिवस वाकता येत नव्हतं.

परवा शनिवारी हिचा १२ वर्षांखालचा सामना होता. २-६, ३-६. समोरची मुलगी हिच्याच चणीची. तिने अख्ख्या सामन्यात एक चेंडू जोरात मारला असेल तर शपथ. आमची सपाट ठोकते, ती बेसलाइनच्या तीन पावलं मागे उभी राहून चेंडू आभाळात धाडते. टप्पा पडून तो वर येतो तेव्हा आमच्या बाईसाहेबांच्या कानाच्या वर असतो. चार परतवते, पाचवा मागच्या कुंपणाला.

दुसऱ्या सेटमध्ये ३-४, ड्यूसला (गुण बरोबरीत) एक रॅली तेवीस फटके चालली. मी मोजत होतो, कारण दुसरं काही करायला परवानगी नाही. पालकांनी कुंपणाबाहेर गप्प बसायचं. तेविसाव्याला हिने खांद्यावरून हात फिरवला, चेंडू फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टवर. तिथल्या आजींनी उचलून दिला, वर हसल्या. तेव्हा लेकीचं तोंड जे वाकडं झालं ते घरी येईपर्यंत.

कोच म्हणतात, धीर धरायला शिकव. पुण्याहून तिचे आजोबा फोनवर म्हणतात, "मार म्हणावं, घाबरतेस काय!" काल टीव्हीवर फ्रेंच ओपनमध्ये (तीही मातीवरच) नदालचा सत्कार झाला, सेंटर कोर्टवर त्याच्या पावलाचा ठसा कायमचा बसवला, तो बघून ही म्हणाली, "बाबा, तो पण मारतोच ना?"

तर प्रश्न असा. मातीवर खेळायचं म्हणून मुलीची शैली बदलावी का? बदलायची तर किती?

---

कोथरूडची_कैरी | सोमवार, २६ मे

अय्या, हे तर आमच्याच घरचं. मुलगा आता १५. बारा वर्षांखाली असताना त्याला हरवणाऱ्या एका मुलाचं नाव आम्ही 'ढकलगाडी' ठेवलं होतं. आई म्हणून सांगते, त्या ढकलगाडीने चार ट्रॉफ्या नेल्या आणि आम्ही चार वेळा गाडीत तोंड न उघडता घरी आलो. आमच्याकडे तर तेही हार्ड कोर्टवर. मातीवर काय होत असेल, कल्पना करवत नाही.

तज्ज्ञ येतीलच. मी खुर्ची टाकून बसलेय.

---

सर्व्ह_आणि_चहा | सोमवार, २६ मे

बोलावल्यासारखा आलो. वीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, त्यातली सुरुवातीची काही मातीवर. शैलीचं नंतर बोलू, आधी कानाच्या वर येणारा चेंडू बघू.

माती चेंडूला दोन गोष्टी करते. टप्पा पडताना चेंडू चुऱ्यात घासतो, त्यामुळे पुढे जायचा वेग हार्ड कोर्टपेक्षा जास्त मरतो. आणि तो उठतो उभा. टॉपस्पिन (पुढे लोळणारी फिरकी) असेल तर आणखीच उभा. म्हणजे हार्ड कोर्टवर जो सपाट फटका समोरच्याला पोचू देत नाही, तोच मातीवर त्याला एक पाऊल जास्त देतो. उलट जो ढगात मारलेला चेंडू हार्ड कोर्टवर नुसता 'बरा' असतो, तो मातीवर चार फुटी पोराला खांद्यावर खेळावा लागतो. मोठ्या माणसाला तोच चेंडू छातीशी मिळतो. म्हणून मोठ्यांच्या मॅचेस बघून मुलांच्या मातीचा अंदाज येत नाही.

त्यात वय ११. दहा वर्षांपर्यंत स्पर्धेत हिरव्या ठिपक्याचा चेंडू असतो, नेहमीच्यापेक्षा साधारण पाव भागाने मंद, कमी उसळणारा. मग एका वाढदिवसाला पिवळा चेंडू हातात येतो. मुलीची उंची वाढली दोन इंच, चेंडूची उसळी वाढली हातभर. ह्या वर्षात जी मुलं ढगात मारतात ती जिंकतात. त्यात त्यांच्या हुशारीचा वाटा थोडा, उसळीचा जास्त.

मन्या, दोन गोष्टी सांगा. ग्रिप कोणती? आणि उसळलेल्या चेंडूवर ती मागे जाते की जागेवर उभी राहते?

---

म्युनिकचा_मन्या | मंगळवार, २७ मे

ग्रिप ईस्टर्न, म्हणजे रॅकेटशी हस्तांदोलन केल्यासारखी. पुण्यात तशीच बसली. आणि मागे? मागे जाणं तिला अपमान वाटतो. आजोबांवर गेलीय.

---

आजोबा_५२ | मंगळवार, २७ मे

सगळ्याच आजोबांच्या वतीने निषेध नोंदवून पुढे लिहितो.

आम्ही खेळलो ते कोर्ट मुरूम-मातीचं, वर शेणाने सारवलेलं. सकाळी माळी सारवून जायचा, वाळायच्या आत कोणी पाऊल टाकलं की शिव्या. चेंडू इतके दिवस वापरायचे की त्यांची लव जाऊन टक्कल पडायचं. टप्पा कुठे उडेल ह्याचा नेम नाही, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत चेंडूवर नजर. आमच्यात जो सपाट मारायचा तो 'हिरो', आणि जो सगळं परत आणायचा तो जिंकायचा. हिरोला चहा पाजायला पैसे जिंकणाऱ्याचे.

आता इतिहास. पोरवयात मातीवर कोण जिंकलं? १९८९ ची फ्रेंच ओपन काढा. पुरुषांत मायकेल चँग, महिलांत अरांता सांचेझ. दोघेही सतरा वर्षांचे, दोघेही चिवट, सगळं परत आणणारे. चँगने चौथ्या फेरीत लेंडलविरुद्ध पायात गोळे आलेले असताना कमरेखालून सर्व्हिस केली आणि गुणही घेतला. अंतिम सामन्यात एडबर्ग, म्हणजे नेटवर धावणाऱ्यांचा शिरोमणी, त्याच्याकडून पाच सेटमध्ये हरला. तिकडे सांचेझने स्टेफी ग्राफला हरवलं. त्याआधी १९८२ मध्ये विलँडर, तोही सतराचाच, तोही भिंतच.

म्हणजे कोच बरोबर बोलतात. माती म्हणजे धीर.

---

आकडेमोड्या | मंगळवार, २७ मे

आजोबा, नमस्कार करून विरोध. १९८९ वर थांबलात, एक वर्ष पुढे चला की. १९९० मध्ये मोनिका सेलेस, वय सोळा, त्याच मातीवर त्याच ग्राफला हरवून जिंकली. ती चेंडू वर येता येताच दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी ठोकायची. धीर-बीर काही नाही.

२०१७ ची ऑस्टापेंको घ्या. विशीतली, बिगरमानांकित. अंतिम सामन्यात हालेपविरुद्ध ५४ विनर (थेट गुण घेणारे फटके) आणि ५४ अनफोर्स्ड एरर (स्वतःहून केलेल्या चुका). सगळा सामना तिच्याच रॅकेटवर, हालेप प्रेक्षकासारखी. २००९ मध्ये नदालला त्याच्या अंगणात पहिल्यांदा हरवणारा सोडरलिंगही सपाट ठोकणाराच.

मन्या, मुलीला ठोकू द्या.

---

कोथरूडची_कैरी | मंगळवार, २७ मे

आकडेमोड्या, तुम्ही अपवाद हुडकून आणता आणि नियम म्हणून मांडता. ऑस्टापेंकोने नंतर पुन्हा फ्रेंच जिंकली का? नाही. नदाल चौदा वेळा जिंकला. मग कोणाकडून शिकायचं?

---

आकडेमोड्या | मंगळवार, २७ मे

नदाल ढकलत नव्हता हो! लोकांचा हाच घोळ होतो. मातीवर जिंकतो म्हणजे बचाव करतो असं नाही. त्याच्या फोरहँडचे फेरे मिनिटाला सरासरी ३२०० च्या आसपास मोजले गेलेत. एवढी फिरकी द्यायला चेंडूवर हात किती जोरात न्यावा लागतो, कल्पना करा. तो प्रत्येक चेंडू मारायचाच, फक्त नेटच्या खूप वरून.

---

सर्व्ह_आणि_चहा | बुधवार, २८ मे

हे आकडेमोड्या बरोबर बोलले, आणि धाग्याच्या शीर्षकातला 'की' इथेच मोडतो. ढकलणं आणि उंच मारणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढकलणाऱ्याची रॅकेट चेंडूपाशी येऊन थांबते. उंच मारणाऱ्याची रॅकेट खालून वर सुसाट जाऊन दुसऱ्या खांद्यावरून मागे जाते. लांबून दोन्ही चेंडू ढगात दिसतात. चौदाव्या वर्षी पहिल्याचा चेंडू सगळे चोपतात, दुसऱ्याच्या चेंडूला कोणी हात लावत नाही.

मन्या, त्या समोरच्या मुलीची रॅकेट कुठे संपत होती? आठवा.

तुमच्या लेकीसाठी: मारणं अजिबात बंद करू नका. ग्रिप तळहाताखाली थोडी सरकवा, ईस्टर्नकडून सेमी-वेस्टर्नकडे, एका झटक्यात नाही. नेटच्या पट्टीपासून वर हातभर उंचीवर दोरी बांधा. जोर पूर्ण लावायचा, पण दोरीवरून. पहिल्या आठवड्यात अर्धे चेंडू बाहेर जातील. कोणी काही बोलायचं नाही. कुंपणाबाहेरच्यांनी तर नाहीच.

आणि मागे जाणं. उसळत्या चेंडूला तीनच उत्तरं: वर येतानाच घ्या, मागे जाऊन खाली उतरल्यावर घ्या, नाहीतर खांद्यावर घेऊन रडा. पहिलं सेलेस करायची. ते सगळ्यांत अवघड, कारण मातीवर टप्पा कधी रेषेच्या पट्टीवर पडतो, कधी कोणाच्या पायाने झालेल्या खळग्यात. अकराव्या वर्षी दुसरं आधी शिकवा. अपमान वाटत असेल तर तिला सांगा, मागे जाणारा बैलसुद्धा शिंगं रोखूनच जातो.

---

रांगडा_कोल्हापुरी | बुधवार, २८ मे

बैल आला म्हणून मी आलो.

भावांनो, ह्यातलं निम्मं आमच्या तालमीत आधीच होऊन गेलंय. लाल मातीत घोळलेला पैलवान आणि मॅटवर तयार झालेला पैलवान. हौद्यातली माती ताक, हळद, तेल, लिंबू घालून मुरवलेली, पाय रुततो. तिथं पोरगं दम शिकतंय, पकड शिकतंय. मॅटवर सगळा खेळ चपळाईचा, गुण झटपट. मातीतलं पोरगं मॅटवर पहिलं वर्षभर मार खातं. पण कंबर तयार असती त्याची. नंतर त्याला वेग शिकवता येतो. मॅटवरच्याला कंबर कुठून देणार?

माझा पोरगा १३ चा, टेनिस खेळतोय. घरात कुस्तीची तीन पिढ्यांची परंपरा आणि ह्यानं मोडली, आजा अजून बोलत नाही त्याच्याशी. सुट्टीत त्याला मातीच्या कोर्टावर आठ दिवस नेलं. पहिल्या दिवशी सात वेळा पडला. कारण काय तर हार्ड कोर्टावर आधी मारायचं, मग पाय थांबवायचे. मातीवर उलटं. घसरत घसरत चेंडूपाशी पोचायचं, घसरगुंडी संपता संपता फटका, आणि त्याच पायावर परत फिरायचं. मारून झाल्यावर घसरलं की दोन पावलं फुकट गेली.

आम्ही त्याला रॅकेटशिवाय शिकवलं. बेसलाइनवरून धावायचं आणि ठेवलेल्या टोपीपर्यंत घसरून थांबायचं. टोपी उचलायची, परत. चौथ्या दिवशी पोरगं हसायला लागलं. बूट मात्र बघून घ्या, तळाला मासळीच्या काट्यासारखी नक्षी पाहिजे पूर्ण. आणि दोन गुणांच्या मधे रॅकेटनं बूट ठोकायची सवय लावा, काट्यात माती बसली की घसरगुंडी आपल्या मर्जीची राहत नाही.

मन्याभाऊ, लेकीला घसरता येतं का? का ती मातीवर हार्ड कोर्टच खेळतीय?

---

म्युनिकचा_मन्या | बुधवार, २८ मे

बाप रे. दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नाही येत. ती शेवटी चार छोटी पावलं टाकून थांबते. म्हणूनच रुंद चेंडूला उशीर होत असावा.

आणि सर्व्ह_आणि_चहा, व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्या मुलीची रॅकेट दुसऱ्या खांद्यावरून मागे जातेय. म्हणजे ती ढकलत नव्हती. ती मला ढकलते आहे असं वाटलं, कारण माझी मुलगी हरत होती.

---

नलू_न्यूजर्सी | गुरुवार, २९ मे

इकडे आमच्याकडे हिरवी माती असते. मुलगा तिच्यावर खेळतो. लाल मातीपेक्षा जरा वेगवान, चेंडू तेवढा उभा उठत नाही. ही विटांची नसून व्हर्जिनियातल्या बसाल्टच्या जातीच्या दगडाचा चुरा असते. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडाचाच चुलतभाऊ की!

आकडेमोड्यांना अजून एक दाणा: १९७५ ते ७७ यूएस ओपन ह्याच हिरव्या मातीवर झाली. १९७६ च्या अंतिम सामन्यात सपाट ठोकणाऱ्या कॉनर्सने चक्क बोर्गला हरवलं. बोर्ग, ज्याने लाल माती सहा वेळा जिंकली. तेव्हा 'माती' असं एकच काही नसतं. मन्या, तुमच्याकडे पाऊस पडून गेला की तेच कोर्ट आणखी जड होत असणार, चेंडूही ओलसर. त्या दिवशी शैली वेगळी, कडक उन्हात वेगळी.

---

म्युनिकचा_मन्या | गुरुवार, २९ मे

अगदी. ओल्या दिवशी चेंडूला लाल लेप बसतो आणि तो वांग्यासारखा जड होतो. कोरड्या दिवशी तोच कानाच्या वर. ते पाणी मारायचं काम खेळणाऱ्यांचंच, त्यामुळे घरच्या संघातली मुलं पाणी कधी कमी मारतात, कधी जास्त, असा माझा नीच संशय आहे.

---

कोथरूडची_कैरी | शुक्रवार, ३० मे

मला थोडं वेगळं विचारायचंय. शैली मुलाची असते की कोचची? आमच्या मुलाला बाराव्या वर्षी एका शिबिरात सांगितलं, दोन्ही हातांचा बॅकहँड सोड, एका हाताने मार, पुढे फायदा होईल. सहा महिने तो कोणालाच हरवू शकला नाही. आम्ही घाबरून परत दोन हातांवर आलो. अजून रुखरुख आहे.

---

आकडेमोड्या | शुक्रवार, ३० मे

डॉमिनिक थीमची गोष्ट बहुतेक तीच. लहानपणी दोन हातांचा बॅकहँड, बचावात्मक खेळ, आणि जिंकतही होता. कोच ब्रेस्निकने अकराबाराव्या वर्षी सगळं उलटं केलं: एक हात, आणि प्रत्येक चेंडूवर तुटून पडायचं. निकाल धाडकन खाली आले. तोच थीम पुढे २०१८ आणि २०१९ ला फ्रेंचच्या अंतिम फेरीत पोचला. सँप्रासनेही चौदाव्या वर्षी दोनाचा एक हात केला, तोही आधी आपटला होता.

बाराव्या वर्षीच्या ट्रॉफीकडे बघून शैली ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

---

कोथरूडची_कैरी | शुक्रवार, ३० मे

थीम दिसतो कारण तो पोचला. ज्यांचे हात बदलले आणि जे पोचलेच नाहीत, त्यांच्या गोष्टी कोण लिहितं? मी त्यातल्या एकाची आई आहे, मला त्यांचीही मोजदाद हवीय. आणि सँप्रासला फ्रेंच कधीच मिळाली नाही बरं का, १९९६ ची उपांत्य फेरी हीच त्याची मजल. चौदा ग्रँड स्लॅममध्ये एकही मातीवरची नाही.

---

आकडेमोड्या | शुक्रवार, ३० मे

हा मुद्दा मान्य. गप्प बसतो. (तासभर.)

---

सर्व्ह_आणि_चहा | शनिवार, ३१ मे

कैरीताई, रुखरुख सोडा. सहा महिने पोराने हरायचं आणि आईबापांनी हसतमुख राहायचं, हे ज्या घरात जमतं तिथेच असा बदल करावा. बऱ्याच घरांत नाही जमत, आणि त्यात लाज काही नाही.

शैली कोणाची? माझा अनुभव: ती मुलाच्या स्वभावातून आणि पायांतून येते, कोच तिला फक्त वळण देतो. ४-४, ३०-३० असताना मूल काय करतं ते बघा. एखादं आडवं धावायला सुरुवात करतं, कितीही धाव म्हणा. त्याला मातीवर सोन्याचे दिवस. श्वार्ट्झमन अवघा १७० सेंटीमीटर, २०२० मध्ये रोमला नदालला हरवून लगेच फ्रेंचची उपांत्य फेरी गाठली. त्याच्या पायांना उंची लागली नाही. पण असल्या मुलाला एक तरी मारायचा फटका द्यावाच लागतो, नाहीतर पंधराव्या वर्षी समोरच्यांचे दंड भरले की ते नुसतं धावत राहतं.

एखादं उंच, हातापायाने लांबलचक मूल असतं. घसरताना त्याचे गुडघे जिराफासारखे होतात. त्याला दोन फटक्यांत निकाल हवा असतो. त्याच्यासाठी सर्व्हिस आणि पहिला फोरहँड, आणि मातीवर किक सर्व्ह: चेंडू समोरच्याच्या खांद्यावर चढवायचा आणि लंगडं उत्तर चोपायचं. अशाला लांब रॅल्या शिकवू नका असं नाही, पण त्याच्यावर लादू नका.

आणि मग ही तिसरी जात, माझी लाडकी. चेंडूशी चाळे करणारी. कापून मारतील, आखूड टाकतील, मधेच नेटवर येतील. लोक म्हणतात मातीवर नेट नको. नोआने १९८३ ची फ्रेंच नेटवर धावून घेतली. बार्टीचा कापलेला बॅकहँड मातीवर गुडघ्याखाली राहायचा, २०१९ ची फ्रेंच तिची. समोरचा तीन पावलं मागे उभा राहून ढगात मारत असेल तर नेटपाशी अख्खं मैदान मोकळं पडलेलं असतं. तिथे आखूड चेंडू टाकला की काय होतं? मन्या, तुमच्या लेकीचा ड्रॉप शॉट कसा आहे?

एक जाता जाता: अकराव्या वर्षी रॅकेटला पॉलिएस्टरच्या कडक तारा घालू नका. क्युर्टेनने १९९७ मध्ये त्या तारा लावून ६६ व्या क्रमांकावरून फ्रेंच जिंकली, तेव्हापासून सगळ्या बापांना त्या हव्या असतात. पोरांचं कोपर त्याचं बिल भरतं.

---

म्युनिकचा_मन्या | रविवार, १ जून

ड्रॉप शॉट तिचा चोरून खाल्लेल्या चिंचेसारखा आहे. सरावात सारखा, सामन्यात कधीच नाही. विचारलं तर म्हणाली, "तो फसवल्यासारखा वाटतो ना." बाई गं!

तारा काल बदलून आणल्या. (होय, पॉलिएस्टर होत्या.)

---

आजोबा_५२ | गुरुवार, ५ जून

कोणी बघितलं का? लोईस बोआसाँ, फ्रान्सची, जागतिक क्रमांक ३६१, वाइल्ड कार्डवर आली आणि पेगुला, आंद्रेयेवा दोघींना हरवून उपांत्य फेरीत! आज गॉफने थांबवलं. पण काय तो फोरहँड, जड, उंच, फिरत येणारा, मधेच कापलेला बॅकहँड. अस्सल मातीतली पोर. आकडेमोड्या, ती ढकलत होती का ठोकत होती, हे मला सांगता येईना. तुमचा धागा डोक्यात बसलाय.

---

आकडेमोड्या | रविवार, ८ जून, रात्री उशिरा

दोन दिवसांत दोन अंतिम सामने. काल सबालेंकाने वाऱ्यात ठोकत राहून ७० अनफोर्स्ड एरर केल्या आणि गॉफ पाय वापरून जिंकली. कैरीताईंना एक गुण.

आज अल्काराझ-सिनर, ५ तास २९ मिनिटं, फ्रेंचचा आजवरचा सर्वांत लांब अंतिम सामना. अल्काराझने तीन मॅच पॉइंट वाचवले. घसरला, ठोकला, उंच मारला, आखूड टाकला, नेटवर आला. एकाच माणसात तुमच्या तिन्ही जाती, सर्व्ह_आणि_चहा. मी हरलो की जिंकलो कळत नाहीये, झोपतो.

---

नलू_न्यूजर्सी | सोमवार, ९ जून

अवांतर: आपल्याकडच्या मुलांचं काय? पुण्यात बालेवाडीला मोठ्या स्पर्धा हार्ड कोर्टवर. माती बघायलाच मिळत नसेल तर ही सगळी चर्चा म्युनिकपुरतीच.

---

सर्व्ह_आणि_चहा | सोमवार, ९ जून

खरंय. सुमित नागल घ्या. पोरवयातच बाहेर पडला, जर्मनीत सराव केला, आणि त्याचा खेळ मातीतलाच, बेसलाइनमागून पायांवर उभा. २०२४ मध्ये माँटे कार्लोत पात्रता फेरीतून येऊन अर्नाल्डीला हरवलं. मास्टर्सच्या (ग्रँड स्लॅमखालोखालच्या स्पर्धांच्या) मुख्य फेरीत मातीवर एकेरीचा सामना जिंकणारा पहिला भारतीय. मातीची देखभाल महाग. रोज पाणी, रोज जाळी ओढून सपाट करणं, पावसाळ्यात चार महिने चिखल. हार्ड कोर्ट एकदा घातलं की झाडू मारला, संपलं. क्लबांचा हिशेब मला समजतो, पण पोरांच्या गुडघ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

---

म्युनिकचा_मन्या | रविवार, १५ जून

काल त्याच मुलीशी पुन्हा गाठ पडली, सुट्टीतल्या एका छोट्या स्पर्धेत.

मधल्या तीन आठवड्यांत: दोरी बांधली. ग्रिप अर्धीच सरकली, दमली की परत हस्तांदोलनावर येते. टोपीचा खेळ क्लबातल्या सगळ्या पोरांत पसरला, कोल्हापूरचं नाव इथे झालंय. कोच आधी बघत राहिले, मग स्वतः टोपी ठेवायला लागले.

सामना ४-६, ६-४, आणि सुपर टायब्रेक (तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा) ७-१०. हरली. पण पहिल्या गेममध्येच उंच चेंडूवर ती तीन पावलं मागे गेली, आणि तिथून पूर्ण हात फिरवून मारला, दोरी असती तर दोरीवरून. समोरची दचकली. दुसऱ्या सेटमध्ये ४-४, ३०-३० झाले आणि मला तुमचं वाक्य आठवून घाम फुटला. हिने काय केलं? ड्रॉप शॉट. नेटला लागला, वर उडाला, पलीकडे पडला. हिने रिवाजाप्रमाणे माफी मागितली, तोंडभर हसत. पुढच्या गुणाला परत ड्रॉप शॉट. तो मात्र अस्सल.

टायब्रेकमध्ये ७-८ ला पुन्हा एक टाकला, तो नेटमध्ये मेला. बाहेर आल्यावर मी काहीही न बोलता पाण्याची बाटली दिली. तीच म्हणाली, "तो टाकायचाच होता बाबा. हाताने ऐकलं नाही."

मग दोघींनी मिळून माती सपाट करायला कोर्टावर जाळी ओढली, एकीने रेषा झाडल्या. चेंडूच्या ठशांवरून, आत की बाहेर, पुन्हा एकदा वाद घातला, पुसायच्या आधी.

रात्री पुण्याला फोन. आजोबांनी विचारलं, "मारलंस का?" म्हणे, "अकरा ड्रॉप शॉट, त्यातले सहा जाळीत." फोनवर बराच वेळ शांतता. मग आजोबा: "म्हणजे पाच गेले की."

---

आजोबा_५२ | रविवार, १५ जून

ह्या आजोबांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा माझ्याकडून.

---

कोथरूडची_कैरी | रविवार, १५ जून

मन्या, एवढं सगळं लिहिलंत, पण लाल झालेल्या मोज्यांचं काय करता ते सांगाच. इथे मुलगा पुढच्या महिन्यात मातीवर खेळायला जातोय आणि मी व्हिनेगर, लिंबू, सोडा सगळं जमवून बसलेय.

---

म्युनिकचा_मन्या | सोमवार, १६ जून

सगळं करून झालं. शेवटी काळे घेतले.

---

रांगडा_कोल्हापुरी | सोमवार, १६ जून

आमच्यात लंगोटच लाल असतोय. प्रश्नच मिटला.